प्याल्यांच्या यादीतले जोडे

इ. स. ३०३ च्या १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता शहरात एक जप्ती झाली. हे शहर आज अल्जीरियात आहे आणि कॉन्स्टंटीन या नावाने ओळखले जाते. ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडावीत आणि त्यांचे धर्मग्रंथ जाळावेत, असा सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम त्याच वर्षी निघाला होता. त्याच्या अंमलबजावणीसाठी शहराचा कारभारी मुनातियस फेलिक्स कारकून घेऊन, मंडळी जमत असे त्या घरी पोहोचला. बिशप पौलुस आसनावर बसलेला होता, प्रेस्बितर (वडीलजन) आणि डीकन (सेवक) भोवती होते आणि घरातली एकेक वस्तू बाहेर आणून मांडली जात होती. कारकुनाने लिहून घेतले: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा प्याले, चांदीच्या सहा सुरया, चांदीचे सात दिवे, साखळ्यांसकट काशाचे अकरा दिवे. मग त्याच ओघात पुढे: बायकांचे ८२ झगे, डोक्यावरून घ्यायच्या ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या जोड्यांचे १३ जोड आणि बायकांच्या जोड्यांचे ४७. ग्रंथांची कपाटे रिकामी निघाली. जेवणघरात चार रांजण आणि सहा घडे सापडले.

प्याले आणि दिवे प्रार्थनास्थळात असणारच. पण इतके कपडे आणि जोडे तिथे कशासाठी? बाप्तिस्म्याच्या वेळी घालायचे कपडे असतील, असे कुणी म्हणू शकेल. पण बाप्तिस्म्याला जोड्यांचे काय काम? आणि त्या विधीसाठी बायकांचे ८२ झगे आणि पुरुषांचे फक्त १६ अंगरखे, असा हिशेब कुठल्याही मंडळीत बसणार नाही. हे आकडे एका वेगळ्याच गोष्टीशी जुळतात. त्या काळच्या प्रत्येक मोठ्या ख्रिस्ती मंडळीकडे ती ज्यांना पोसत असे अशा माणसांची यादी असे, आणि त्या यादीत विधवा सर्वात पुढे असत. किर्ताच्या घरात सापडले ते त्यांच्यासाठी साठवलेले कपडे होते, असा अर्थ बहुतेक इतिहासकार लावतात आणि तो मला पटतो. त्याहून महत्त्वाचे मला हे वाटते की उपासनेची भांडी आणि गरिबांचे जोडे एकाच घरात, एकाच डीकनवर्गाच्या हवाली होते. पहिल्या तीन-चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने देणे ही उपासनेनंतर करायची वेगळी परोपकाराची गोष्ट नव्हती. उपासनेत देवापुढे ठेवायची वस्तूच ती होती. मनाचा मोठेपणा सगळ्याच धर्मांत आढळतो. या लोकांच्या दानाला जो आकार आणि टिकाऊपणा आला तो मात्र ते उपासनेच्या आत बसल्यामुळे आला, असे माझे म्हणणे आहे.

हे समजायला आधी त्या काळच्या रोमन शहरात धर्म म्हणजे काय होते ते पाहिले पाहिजे. धर्म म्हणजे वेदी, वेदीवर बळी, धूप आणि मद्याची धार. देवाला काही दिल्याशिवाय उपासना होते, ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. ख्रिस्ती लोकांकडे देऊळ नव्हते, मूर्ती नव्हती, बळी नव्हता; त्यामुळे त्यांच्यावर नास्तिकतेचा आरोप होई, आणि तो आरोप करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर रास्तही होता. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या शिक्षकाने सम्राटाला उद्देशून जे समर्थन लिहिले त्यात या आरोपाला नेमके उत्तर आहे. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: देवाला रक्ताची, मद्याची, धुपाची गरज नाही. त्याने जे अन्नासाठी निर्माण केले ते आगीत जाळण्यात त्याचा मान नाही. ते आपण खावे, गरजूंना खायला द्यावे आणि त्याबद्दल त्याचे आभार मानावेत, यातच त्याचा खरा मान आहे. म्हणजे बळी नाही असे जस्टिन म्हणत नाही. बळी आहे, फक्त तो भुकेल्याच्या पोटात जातो, असा त्याचा दावा आहे.

हा विचार त्याने नव्याने काढलेला नव्हता. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी फिलिप्पै इथल्या मंडळीने कैदेत असलेल्या पौलाला एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली होती, आणि पौलाने तिची पोच देताना तिला देवाला मान्य होणारा सुगंधी यज्ञ म्हटले. खाण्यापिण्याच्या वस्तू, कदाचित थोडे पैसे, एवढ्यासाठी थेट देवळाच्या वेदीवरची भाषा वापरली गेली. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प आणखी एक पाऊल पुढे जातो: विधवा म्हणजेच देवाची वेदी, असे तो लिहितो. तिसऱ्या शतकात सीरियात तयार झालेल्या ‘दिदास्कालिया’ या मंडळीच्या नियमग्रंथातही हीच कल्पना येते. तिथे ती वेदी जागची हलू नये, म्हणजे विधवांनी घरोघर हिंडू नये, असा एक कडक आणि आज खटकणारा उपदेशही तिच्यातूनच काढलेला आहे. उपमा नुसती अलंकार म्हणून वापरली जात असती तर तिच्यातून वागणुकीचे नियम निघाले नसते. ती लोक खरी मानत होते म्हणूनच ती विधवांना जाचकही झाली.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चाले तेही जस्टिन सांगतो. रविवारी शहरातले आणि खेड्यातले लोक एका जागी जमत. प्रेषितांचे किंवा संदेष्ट्यांचे लेखन वाचले जाई, प्रमुख बोलत असे, मग सगळे उभे राहून प्रार्थना करत, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जाई, आभार मानून तो वाटला जाई आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे डीकन तो घेऊन जात. याच वर्णनाच्या ओघात, ज्यांच्याजवळ आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते आपापल्या मनाप्रमाणे देतात आणि जमलेले प्रमुखाकडे ठेवले जाते, असे तो लिहितो. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांची सोय होई. डीकन ज्या हातांनी भाकर घरोघर पोहोचवत त्याच हातांनी मदतही पोहोचवत. म्हणून किर्ताच्या डीकनांकडे प्याले आणि जोडे दोन्ही असावेत यात नवल नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रोमन साम्राज्यात अशा पेट्या ठेवणारी मंडळे गल्लोगल्ली होती. रोमजवळच्या लानुवियममध्ये इ. स. १३६ चा एक शिलालेख सापडला आहे. डायना आणि अँटिनोअस यांच्या नावाने चालणाऱ्या एका मंडळाचे नियम त्यावर कोरलेले आहेत. प्रवेशाला १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण, दरमहा पाच आस वर्गणी, आणि सभासद मेला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. मग ख्रिस्ती मंडळी म्हणजे असेच एक अंत्यविधी मंडळ नव्हते का? इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजमध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन स्वतःच हे साम्य पुढे करतो. आमच्यातही पेटी आहे, महिन्यातून एकदा जो तो थोडेसे नाणे टाकतो, असे तो सांगतो. पण लगेच तो फरक दाखवतो: कुणावर सक्ती नाही, टाकले तर टाकले, आणि पैसा जेवणावळींवर उडवला जात नाही. तो गरिबांना जेवू घालण्यात आणि पुरण्यात, आईबाप नसलेल्या मुलामुलींसाठी, म्हाताऱ्या झालेल्या घरगड्यांसाठी, जहाज फुटून सर्वस्व गमावलेल्यांसाठी, खाणीत, बेटावर किंवा तुरुंगात डांबलेल्यांसाठी खर्च होतो. लानुवियमच्या नियमांत सलग काही महिने वर्गणी थकवणाऱ्याचा अंत्यविधीचा हक्क जातो. तर्तुल्यनच्या यादीतले बहुतेक लोक एक आसही देऊ शकले नसते. पेटी, महिना, ठरलेला दिवस हा सगळा साचा ख्रिस्ती लोकांनी शेजाऱ्यांकडून उचलला हे मान्यच केले पाहिजे. पण मंडळाच्या पेटीत ठेव परत मिळण्याचा करार होता. देवापुढे ठेवलेली वस्तू परत मागायची नसते, आणि त्यामुळेच ती न देऊ शकणाऱ्याकडे वळवता आली.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो: हे सगळे यहुद्यांचेच नव्हते का? होते, आणि ख्रिस्ती इतिहासलेखनाने ते मोकळेपणाने फार क्वचित सांगितले आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये गावातल्या गरिबांसाठी आठवड्याची पेटी आणि वाटसरूंसाठी रोजचे ताट यांचे नियम आहेत. कोणाला कितपत असले की त्याने त्यातून घेऊ नये हेही ठरवून दिलेले आहे. अनाथ, विधवा आणि उपरा हे त्रिकूट तर थेट जुन्या करारातून आलेले आहे. इतकेच नाही, इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर जाळले तेव्हा, आता पापांचे प्रायश्चित्त कशाने होणार, या प्रश्नाला योहानान बेन झक्काई या गुरूने दयेची कृत्ये हेच उत्तर दिले, अशी यहुदी परंपरा सांगते. म्हणजे मंदिर हरवलेल्या एका धर्माने आणि मंदिर कधी न बांधलेल्या दुसऱ्या धर्माने एकाच वारशातून एकच उत्तर काढले. यामुळे माझा मुद्दा दुबळा होत नाही. बळी थांबला की दानाला त्याची जागा मिळते, हे दोन घरांत स्वतंत्रपणे दिसते तेव्हा ते कारण म्हणून अधिक भक्कम होते. ख्रिस्ती मंडळीने एवढेच वेगळे केले की ती पेटी भाकरीच्या आणि प्याल्याच्या शेजारी, त्याच तासात आणून ठेवली.

रोमन श्रीमंत कंजूष होते, असेही कुणी समजू नये. स्नानगृहे, ग्रंथालये, नाटके आणि शहरभर जेवणावळी यांवर ते अफाट खर्च करत. ऑगस्टसच्या काळात रोममध्ये सुमारे दोन लाख लोकांना फुकट धान्य मिळे. पण ते नागरिक म्हणून मिळे, भुकेले म्हणून नव्हे. देणारा आपल्या शहराला देई आणि शहर त्याचा पुतळा उभारी. ज्याला शहरात स्थान नाही त्याला या उदारतेतही स्थान नव्हते. ख्रिस्ती दानातही श्रीमंतांना मान मिळाला नाही असे नाही, पण त्या मानाची जागा बदलली. इ. स. २५३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या नुमिदियात टोळ्यांनी हल्ला करून माणसे पळवून नेली तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन याने आपल्या मंडळीतून एक लाख सेस्टर्स गोळा करून सोडवणुकीसाठी पाठवले. सोबत त्याने देणाऱ्यांच्या नावांची यादी जोडली. ती कशासाठी? त्या गावच्या बंधुभगिनींनी प्रार्थनेत आणि वेदीवरच्या विधीत त्यांची आठवण ठेवावी, यासाठी. पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरले जाणारे नाव प्रार्थनेत उच्चारले जाऊ लागले, आणि त्या यादीत मोठी रक्कम देणाऱ्याशेजारी दोन नाणी देणाऱ्याचेही नाव बसू शकत होते.

दोन नाणी देणारे होते का? सिप्रियनच्याच लिखाणातून कळते की होते. दानावर लिहिताना तो एका श्रीमंत बाईला फटकारतो: तू प्रभूच्या भोजनाला हात हलवत येतेस आणि गरिबाने आणलेल्या अर्पणातला वाटा खाऊन जातेस! या एका रागाच्या वाक्यामागे किती माहिती दडलेली आहे ते पाहा. भोजनाला येताना प्रत्येकाने काहीतरी आणायचे अशी रीत होती. गरीबही आणत होते. वेदीवरची भाकर पुरोहितवर्गाच्या कोठारातून येत नसून घराघरांतून येत होती. आणि श्रीमंताने रिकाम्या हाती येणे ही केवळ चिकूपणाची गोष्ट न राहता गरिबाची भाकर उचलण्यासारखी चूक ठरत होती. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या अक्विलेया इथे बिशप थिओडोर याने बांधलेल्या उपासनागृहाची फरशी आजही शाबूत आहे. तिच्यावरच्या रंगीत खड्यांच्या चित्रांत भाकरी, द्राक्षे, फुले घेऊन येणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या आकृती आहेत.  अर्पण आणणारी साधी माणसे, जिथून ती चालत येत त्याच जमिनीवर, काढणाऱ्याला योग्य वाटली.

तरीही हे सगळे समाजकार्याचा निधी उभा करण्याचे एक चांगले तंत्र होते, बाकी भाषा धार्मिक, असे कुणी म्हणेल. त्याला माझ्याकडे सर्वात पक्के उत्तर आहे ते नाकारलेल्या दानांचे. सिनोपचा जहाजमालक मार्कियन रोमला आला तेव्हा त्याने तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स दिले. पुढे त्याची शिकवण मंडळीला अमान्य झाली आणि इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढण्यात आले तेव्हा ते पैसेही त्याला परत केले गेले. ही रक्कम क्षुल्लक नव्हती. सिप्रियनने कार्थेजच्या अख्ख्या मंडळीतून उभी केलेल्या रकमेच्या ती दुप्पट होती. ‘दिदास्कालिया’ तर बिशपांना एक लांबलचक यादीच देतो: गुलामांना छळणारे, खोटी वजने वापरणारे, व्याजाने गळा कापणारे, रक्ताने हात बरबटलेले अधिकारी, यांचे काही घेऊ नका, अशांच्या अन्नावर विधवा पोसण्यापेक्षा उपासमार पत्करलेली बरी. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने ठरवले की जो प्रभुभोजनात सहभागी होऊ शकत नाही त्याचे अर्पण बिशपाने घेऊ नये. त्याच सभेने बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी भांड्यात नाणी टाकण्याची पद्धतही बंद केली, कारण फुकट मिळालेली गोष्ट पुरोहित विकतो आहे असे दिसू नये. उत्सवाची वर्गणी मागायला निघालेला कार्यकर्ता पावती फाडताना समोरच्याचा धंदा विचारत नाही, आणि त्याने विचारावे अशी कुणाची अपेक्षाही नसते. ज्या पैशाचा उद्देश फक्त कार्य पार पाडणे आहे तो कुठूनही आला तरी चालतो. वेदीवर येणाऱ्या वस्तूचे तसे नाही. बळीचा पशू निर्दोष आहे की नाही हे जुन्या काळी पुरोहित तपासत. आता देणाऱ्याचा हात तपासला जाऊ लागला. भुकेलेल्यांची रांग दाराशी असताना पैसे परत करणे ही, नुसत्या उपयुक्ततेच्या मापाने पाहिले तर, वेडेपणाची गोष्ट होती. उपासना मानली तरच तिचा अर्थ लागतो.

आता या प्रथेची काळी बाजू. ती किर्ताच्याच कागदपत्रांत आहे. ३०३ च्या जप्तीची यादी आपल्यापर्यंत पोहोचली ती ३२० साली नुमिदियाचा शासक झेनोफिलस याच्यासमोर झालेल्या चौकशीमुळे. नुंदिनारियस नावाच्या डीकनाने आपल्याच बिशपावर, सिल्वानुसवर, आरोप केले. हा सिल्वानुस जप्तीच्या दिवशी उपडीकन होता आणि त्याने चांदीची एक पेटी व चांदीचा दिवा काढून दिला होता, हे सिद्ध करण्यासाठी ती जुनी यादी वाचली गेली. पण आरोप तेवढाच नव्हता. कार्थेजच्या लुसिला नावाच्या श्रीमंत बाईने गरिबांसाठी म्हणून ४०० फोलिस, म्हणजे नाण्यांच्या चारशे थैल्या, दिल्या होत्या. त्या थैल्या बिशपांनी आपसांत वाटून घेतल्या आणि गरिबांच्या हाती काहीच पडले नाही, असे साक्षीदारांनी सांगितले. या पैशामागे कार्थेजच्या बिशपपदाची निवडणूक होती. लुसिलाच्या घरातला माणूस तिथे प्रतिबिशप म्हणून निवडला गेला आणि त्यातून आफ्रिकेतल्या मंडळीची जी फाळणी झाली ती शतकभराहून अधिक काळ टिकली. विक्टर नावाच्या एका धोब्याने वीस फोलिस देऊन प्रेस्बितरपद मिळवले, हेही त्याच चौकशीत निघाले. ज्या घरात गरीब बायकांचे ४७ जोड जोडे नीट मोजून ठेवलेले होते, त्याच घरातल्या माणसांवर गरिबांचे पैसे खाल्ल्याचा आरोप सतरा वर्षांनी आला, ही गोष्ट झाकण्यासारखी नाही.

मग उपासना वगैरे सगळे बोलण्यापुरते होते का? मला तसे वाटत नाही, आणि कारण त्याच चौकशीत आहे. साक्षीदारांना पुन्हा पुन्हा विचारले गेले की त्या पैशातले लोकांना काय मिळाले, गरिबांना काय मिळाले. शासकाला, डीकनाला, साक्षीदारांना, सगळ्यांनाच ठाऊक होते की मंडळीत आलेला पैसा कुणाचा असतो. एखाद्या रोमन धनिकाने दिलेल्या जेवणावळीचे पैसे मध्येच कुणी हडप केले असते तर भुकेल्यांच्या वतीने खटला उभा राहिला नसता. तिथे त्यांचा हक्कच नव्हता. चोरी म्हणून जी गोष्ट ओळखता येते तिच्यामागे मालकी मानलेली असते. पीटर ब्राउन या इतिहासकाराने दाखवून दिले आहे की चौथ्या-पाचव्या शतकात ‘गरिबांचा कैवारी’ ही भूमिका घेऊन बिशपांनी शहरांत मोठी सत्ता कमावली. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या सत्तेचा आधारच हा होता की बिशपाच्या हातातला पैसा त्याचा स्वतःचा नाही, आणि त्यामुळे ती सत्ता कधीही, कुठल्याही चिडलेल्या डीकनाकडून, हिशेबाला ओढली जाऊ शकत होती.

दान देऊन पापे धुवून घेण्याचा हा सौदा होता, हा आक्षेप त्याहून सूक्ष्म आहे. सिप्रियन उघडच लिहितो की बाप्तिस्म्यानंतर घडलेली पापे दानाने पुसली जातात, आणि पुढच्या शतकांत उपदेशकांनी या विचाराचा पार कंटाळा येईपर्यंत वापर केला. देणाऱ्याच्या मनात स्वतःच्या तारणाची चिंता होती हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती चिंता गरिबाला एक विलक्षण स्थान देऊन गेली. देवापर्यंत पोहोचायची वाट जर भुकेल्याच्या हातातून जात असेल, तर तो हात कुणाला टाळता येत नाही. ‘दिदास्कालिया’मध्ये एक नियम आहे. सभा भरलेली असताना एखादा गरीब माणूस, त्यातून म्हातारा, आला आणि बसायला जागा नसेल तर बिशपाने स्वतः उठून त्याला जागा करून द्यावी, मग बिशपाला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. आणि एखादा प्रतिष्ठित माणूस आला तर मात्र बिशपाने आपले बोलणे थांबवू नये. रोमन जगात माणसाची बसायची जागा म्हणजे त्याची लायकी होती. नाट्यगृहातल्या पायऱ्यासुद्धा दर्जाप्रमाणे वाटलेल्या असत. अशा जगात हा नियम लिहिला गेला.

संख्येचा अंदाज यावा म्हणून रोमची नोंद पाहू. इ. स. २५१ च्या सुमारास तिथला बिशप कॉर्नेलियस अंत्युखियाच्या बिशपाला पत्र लिहिताना आपल्या मंडळीची गणती देतो: ४६ प्रेस्बितर, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, शिवाय भूत उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि पोसल्या जाणाऱ्या विधवा व गांजलेले १५०० हून जास्त. त्या वेळी मंडळीला कायद्याने मान्यता नव्हती. तरी एवढ्या माणसांच्या पोटाची व्यवस्था दर आठवड्याला गोळा होणाऱ्या लहानलहान अर्पणांवर चालली होती. इ. स. ३६२ मध्ये सम्राट जुलियनच्या नावाने गलातियाच्या प्रधान पुरोहिताला गेलेल्या पत्रात याची कबुली आहे: हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही. जुन्या देवतांची पूजा परत रुजवायला निघालेल्या जुलियनने त्यासाठी वर्षाला तीस हजार मोदी गहू मंजूर केला, आणि आपल्या लोकांनाही द्यायला शिकवा, असे बजावले. त्याने दुखणे बरोबर ओळखले होते. पण गहू सरकारी कोठारातून निघाला, आणि पुढच्याच वर्षी जुलियन लढाईत मारला गेला. कोठारातून आलेले धान्य हुकूम देणारा असेपर्यंतच चालते. रविवारच्या सवयीला तीन शतके छळातून जावे लागले तरी ती तुटली नव्हती.

ती सैल पडली ती छळ थांबल्यावर. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने मृत्युपत्राने मंडळीला मालमत्ता देण्याची मुभा दिली आणि शेते, घरे, भाडी मंडळीकडे येऊ लागली. त्यातून मोठी कामेही उभी राहिली: कप्पदुकियातल्या कैसरियाला बिशप बासिलने रुग्ण, महारोगी आणि वाटसरूंसाठी गावाबाहेर जी वसाहत बांधली तिला लोक नवे शहर म्हणू लागले. पण याची किंमत सर्वात स्पष्ट दिसली ती योहान क्रिसोस्तोम या उपदेशकाला. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात बोलताना तो सांगतो की तिथली मंडळी रोज तीन हजार विधवा आणि कुमारिकांना पोसते. आणि त्याच मंडळीला तो ऐकवतो की तुमच्या हातांना कुलूप लागले म्हणून आज बिशपांना शेते राखावी लागतात, भाडी वसूल करावी लागतात, खेचरे आणि गाडेवान सांभाळावे लागतात. ते कारभारी झाले आणि प्रार्थना मागे पडली. रेशमी वस्त्राने वेदी सजवायची आणि दाराशी ख्रिस्त उघडा कुडकुडत ठेवायचा, यावर त्याने वारंवार कोरडे ओढले. गरीब हीच वेदी, ती तुम्हाला गल्लीत, बाजारात पडलेली दिसेल आणि कुठल्याही घटकेला तिच्यावर बळी वाहता येईल, असे तो म्हणे. त्याच्या दोनशे वर्षे आधी हे कुणाला पटवून द्यावे लागले नसते. त्याला ते पुन्हा पुन्हा ओरडून सांगावे लागले, कारण मंडळीचे उत्पन्न आता लोकांच्या ओंजळीवर अवलंबून राहिले नव्हते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. इ. स. ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकोनच्या धर्मसभेने दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, ७७९ मध्ये शार्लमेनने तो राजाज्ञेने सगळ्यांवर लादला, आणि हजार वर्षे युरोपच्या शेतकऱ्याने तो कर म्हणूनच भरला; १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीत तो रद्द झाला. तर्तुल्यनने अभिमानाने सांगितलेली सक्ती नसण्याची गोष्ट त्यात पूर्णपणे बुडाली. विधी म्हणून अर्पण राहिले, पण गरिबाच्या पोटाशी असलेले त्याचे नाते बहुतेक ठिकाणी तुटले.

जिथे ख्रिस्ती लोकांकडे जमीनजुमला नव्हता तिथे जुना आकार पुन्हा उमटला, आणि त्याचे आपल्या देशातले उदाहरण मिझोरामचे आहे. तिथल्या डोंगरांत १९१० मध्ये ‘बुहफाई थम’ ही रीत सुरू झाली. प्रत्येक जेवणाचा भात शिजवायच्या आधी घरची बाई मापल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात ठेवते, मंडळीतल्या स्त्रिया ते तांदूळ घरोघर जाऊन गोळा करतात आणि विकून आलेला पैसा मंडळीच्या कामाला जातो. फरक आहे, आणि तो मोठा आहे: हा पैसा मुख्यतः सुवार्ताप्रसाराकडे वळला, किर्तासारखा थेट विधवांच्या जोड्यांकडे नाही. पण बाकी सगळे ओळखीचे आहे. रक्कम लहान आहे, ती रोजची आहे, ती स्वयंपाकघरातून निघते आणि ती काढणारी बहुधा बाई आहे. रीत सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी बांबू फुलला, उंदीर माजले आणि मौतामचा दुष्काळ पडला, तरी ती मोडली नाही. त्या डोंगरांत रोख पैसा फार थोड्यांजवळ होता. तांदूळ मात्र चूल पेटत होती त्या प्रत्येक घरात होते, म्हणून देणाऱ्यांच्या यादीत सगळीच घरे बसू शकली.